थव्याचा म्होरक्या

माझा नेम कधीच चांगला नव्हता. सहावीत होते त्या वर्षी संक्रांतीला जोडून चार दिवस मामाकडं मंगळवेढ्याच्या रानात होते, आणि चारही दिवस मला एकच काम लावलं होतं: माळ्यावर बसून पाखरं राखायची. माळा म्हणजे बाभळीच्या चार मेढी, वर आडवी लाकडं, त्यावर पोतं. खाली पुरुषभर उंच मालदांडी ज्वारी, दाणे हुरड्यात आलेले. आणि आभाळात भोरड्या.

ज्यांनी भोरड्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मैनेएवढा पक्षी, डोकं, पंख आणि शेपटी काळी, मधलं अंग फिकट गुलाबी. पुस्तकात हिला पळसमैना म्हणतात, कारण पळस-पांगारा फुलला की ती मधासाठी त्यावर हजर असते. पण आमच्याकडं ती पळसासाठी नव्हे, कणसासाठी बदनाम आहे. एकटी भोरडी कुणी पाहिलेली नसते. ती येते तीच हजारांनी. आधी क्षितिजावर धुराचा पट्टा दिसावा तसं काहीतरी दिसतं, मग तो धूर वळतो, घट्ट होतो, आणि डोक्यावरून जाताना जो भर्रर्र आवाज येतो, तो ऐकल्यावर पोटात काहीतरी हलतं. अजूनही हलतं.

गोफण मामाच्या सालगड्यानं, तात्यांनी, शिकवली. दोरीचं एक टोक बोटात अडकवायचं, दुसरं चिमटीत, मधल्या पट्ट्यात गुंडा. डोक्याभोवती दोन फेरे आणि तिसऱ्याला चिमूट सोडायची. गुंडे मातीचे. त्या खोल काळ्या रानात खडा शोधून मिळत नाही, म्हणून माती मळून लाडवासारखे गोळे वळायचे आणि उन्हात वाळवायचे. माझे पहिले पाच-सहा गुंडे मागं गेले. एक मामाच्या सायकलीवर पडला.

तात्यांचा सल्ला मात्र नेमाबद्दलचा नव्हता. “पुढचं पाखरू बघून ठेव,” ते म्हणाले, “त्यो त्यांचा म्होरक्या. त्यो फिरला की समदी फिरत्यात. गुंडा त्याच्या तोंडासमोर गेला पायजे.”

मग मी म्होरक्या शोधायला लागले. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. थवा पूर्वेकडं चाललेला असतो, तेव्हा सगळ्यांत पुढं कुणीतरी असतो हे खरं. पण थवा वळतो तेव्हा पलटणीसारखा पुढच्याच्या मागून रांगेनं वळत नाही. जो तो आपल्या जागीच वळतो. क्षणात सगळ्यांची तोंडं पश्चिमेला, आणि मघाचा म्होरक्या सगळ्यांत मागं! मी हे तात्यांना सांगितलं. त्यांनी तंबाखू मळत आभाळाकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, “मग मधल्यामधी निवडणूक झाली आसंल.”

तात्यांची थट्टा मी करणार नाही, कारण शिकलेल्या माणसांनी याहून अचाट उत्तरं दिलेली आहेत. एडमंड सेलूस नावाचा एक इंग्रज पक्षिनिरीक्षक होता. आयुष्यभर त्यानं बारकाईनं थवे पाहिले, टिपणं ठेवली, आणि १९३१ साली असं मांडलं की पक्ष्यांच्या मनातले विचार एकातून दुसऱ्यात थेट जात असले पाहिजेत. एरवी हे जमणारच नाही. त्याच्यासारखा माणूस इतका हतबल झाला, याचं मला हसू येत नाही. माळ्यावर बसलेल्या कुणालाही येणार नाही.

यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९८६ मध्ये, क्रेग रेनॉल्ड्स या संगणकवाल्यानं पडद्यावर काही त्रिकोण उडवून दाखवले. प्रत्येक त्रिकोणाला तीनच गोष्टी सांगितलेल्या: शेजाऱ्याला धडकू नकोस, शेजारी जिकडं चाललाय साधारण तिकडंच चल, आणि शेजाऱ्यांपासून फार लांब पडू नकोस. बाकी काही नाही. तेवढ्यावर त्या त्रिकोणांचा थवा झाला. पडद्यावरचा थवा खोटा होता, पण म्होरक्या नसतानाही थवा चालू शकतो, एवढं त्यानं दाखवून दिलं. खरी पाखरं असंच करतात का, हा प्रश्न उरलाच. तो सोडवायचा तर कुणीतरी पाखरं मोजायला हवी होती, उडती, एकेक.

ती मोजली रोममध्ये. हिवाळ्यात तिथं लाखो स्टार्लिंग पक्षी रात्रीच्या मुक्कामाला शहरात येतात. आपल्या भोरडीच्या त्या युरोपातल्या चुलतबहिणी. संध्याकाळी मुख्य रेल्वे स्टेशनाच्या वर त्यांचे थवे फिरतात आणि खालून रोमकर विष्ठेपासून वाचायला छत्र्या उघडून चालतात. स्टेशनाजवळच्या एका राजवाड्याच्या, म्हणजे आताच्या संग्रहालयाच्या, गच्चीवर आंद्रेआ काव्हान्या आणि इरेने जार्दिना यांच्या गटानं कॅमेरे लावले. हे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्यात जॉर्जो पारिसीही होते, ज्यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. कॅमेरे एकमेकांपासून २५ मीटरवर, एकाच क्षणी टिपणारे. आपले दोन डोळे जसं अंतर ओळखतात तसं. फोटो काढणं सोपं होतं. खरी कटकट पुढं: डावीकडच्या फोटोतला हा ठिपका उजवीकडच्या फोटोतला कुठला? शेकडो, हजारो सारखे ठिपके. पसाभर मोहरी ताटात सांडायची, दोन बाजूंनी फोटो काढायचे, आणि मग मोहरीच्या दाण्याची मोहरीच्या दाण्याशी ओळख पटवायची, असा प्रकार.

२००८ मध्ये उत्तर छापून आलं, आणि ते मी वाचलं त्या रात्री मला थेट माळा आठवला. प्रत्येक पक्षी फक्त सहा-सात शेजाऱ्यांकडं लक्ष ठेवतो. पाच मीटरच्या आतले सगळे किंवा दहा मीटरच्या आतले सगळे असा त्याचा हिशेब नसतो. जवळचे सहा-सात, मग ते हातभर अंतरावर असोत की कासराभर.

वाचताना हा फरक किरकोळ वाटतो. माळ्यावरून तो किरकोळ नव्हता. गुंडा थव्यात शिरला की थव्याला भोक पडायचं. मध्ये निळं आभाळ दिसायचं, दोन्हीकडची पाखरं फाकायची, विरळ व्हायची, आणि मला वाटायचं, फोडला! तीन-चार श्वासांत ते भोक शिवल्यासारखं बुजायचं. अंतराचा हिशेब असता तर फाकलेली पाखरं एकमेकांच्या कक्षेबाहेर गेली असती आणि थवा कायमचा फुटला असता. ससाणा त्याचीच वाट बघत असतो; एकटं पडलेलं पाखरू त्याचं. पण अंतर वाढलं तरी माझे सहा-सात माझेच राहतात. दोरी ताणली जाते, तुटत नाही. दहा वर्षांची मी हातातला गुंडा संपेपर्यंत त्या दोऱ्या तोडत बसले होते.

याच गटानं पुढं वळणं मोजली. थव्याच्या कडेला कुठंतरी शेजारी-शेजारी असलेली थोडी पाखरं आधी वळतात, आणि ते वळण शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडं सेकंदाला २० ते ४० मीटर वेगानं थव्यात पसरतं. वाटेत विरत नाही, पातळ होत नाही. कानगोष्टींच्या खेळात दहाव्या माणसापर्यंत ‘आंबा’चा ‘तांब्या’ झालेला असतो. इथं शेकडाव्या पाखरापर्यंत निरोप जशाच्या तसा. म्हणजे तात्या अगदीच चुकले नव्हते. वळण कुणीतरी सुरू करतंच. फक्त तो नेहमीचा कुणी नसतो, आणि आपण सुरू केलं हे बहुधा त्यालाही कळत नसावं.

आता पुण्यातल्या गोष्टीकडं येते, कारण तिथं मला हेच सगळं चौथ्या मजल्यावरून, चहाचा कप हातात घेऊन बघायला मिळालं.

आमच्या सोसायटीच्या समोरच्या इमारतीला पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ लागलं. एकच उघडं पोळं, परातीपेक्षा मोठं, आणि त्यावर माश्यांचा थरावर थर. लांबून ते काळसर कातड्यासारखं दिसतं. पहिल्या आठवड्यात मी घाबरून खिडकी लावून घेतली. दुसऱ्या आठवड्यात दुर्बीण काढली. एक गांधीलमाशी पोळ्यापुढं घिरट्या घालत होती. ती जरा जवळ आली आणि त्या कातड्यावरून एक लाट गेली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पापणी लवते तेवढ्यात. पुन्हा जवळ आली, पुन्हा लाट. ज्वारीच्या रानावरून वारा जातो तेव्हा कणसं अशीच झुकत जातात.

लाट म्हणजे काय, तर माशा आपलं पोट झटकन वर उचलतात आणि खाली आणतात. एकीनं उचललं की शेजारची, मग तिच्या शेजारची. ऑस्ट्रियातल्या ग्राट्स विद्यापीठाचे गेराल्ड कास्टबर्गर यांनी नेपाळमध्ये यावर बरीच वर्षं काम केलं आणि २००८ मध्ये दाखवलं की या लाटांनी गांधीलमाशी खरोखरच मागं हटते. गांधीलमाशीला बिचारीला एकेक माशी उचलून न्यायची असते, आणि समोर एकेक माशी दिसतच नाही. दिसतं ते परातीएवढं एकच जनावर, अंग शहारणारं.

इकडं मोहोळ, तिकडं त्या मोहोळासाठी बोलावलेली आमची विशेष सर्वसाधारण सभा. दोन्ही एकाच खिडकीतून दिसत होती, कारण सभा खाली पार्किंगमध्ये होती. ज्यांनी सोसायटीच्या सभा पाहिल्या आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. साडेदहाची वेळ. गणपूर्ती नाही. सभा अर्धा तास तहकूब. अर्ध्या तासानंतर तीच अकरा माणसं, पण आता गणपूर्तीची गरज नाही. मग ‘धूर करून काढा’ आणि ‘माशी मारायची नाही’ असे दोन पक्ष, आणि दोन्ही पक्षांतली माणसं मोहोळ सोडून २०११ सालच्या पार्किंगवाटपावर आली.

मधमाश्यांची सभा मी नंतर वाचली. गणपूर्ती त्यांच्यातही असते, आणि ती तहकूब होत नाही! मार्टिन लिंडाउअर नावाच्या जर्मन तरुणानं १९४९ मध्ये म्युनिकमध्ये झुडपाला लटकलेला माश्यांचा घोळका पाहिला. जुनं घर सोडलेलं, नवं अजून ठरलेलं नाही, अशा अवस्थेतला. त्यावर काही माश्या नाचत होत्या. माशीचा नाच म्हणजे पत्ता सांगणं, हे तोवर माहीत होतं, पण फुलांचा पत्ता. या माश्यांच्या अंगावर पराग नव्हते. कुणी काजळीनं काळी, कुणी विटकरीच्या भुग्यानं लाल. युद्धात बाँब पडून म्युनिक ढासळलेलं होतं आणि या माश्या त्या पडक्या भिंतींतून, धुराड्यांतून जागा बघून आल्या होत्या. घर शोधत फिरणाऱ्या माणसांच्या शहरात घर शोधणाऱ्या माश्या! लिंडाउअर स्वतः त्याच युद्धात जखमी होऊन परतलेला सैनिक होता.

पुढं अमेरिकेत थॉमस सीली यांनी हे काम टोकापर्यंत नेलं. कुठलीच माशी सगळ्या जागा बघून तुलना करत नाही. प्रत्येकीनं बघितलेली असते फार तर एक-दोन ठिकाणं. जागा चांगली असेल तर ती परतून जास्त फेरे नाचते, बेताची असेल तर कमी. नाच बघून दुसऱ्या माश्या स्वतः जाऊन खात्री करतात. ऐकीव मतावर कुणी नाचत नाही. आणि मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट: प्रत्येक माशीचा उत्साह आपोआप ओसरत जातो. दर फेरीला नाच थोडा कमी, शेवटी बंद. जागा उत्तम असली तरी. २०११ चं पार्किंग तिथं कुणी लावून धरत नाही. विरोधाचीही सोय आहे: दुसऱ्या जागेची माशी नाचणारीला डोक्यानं ढुशी देते आणि बारीकसा आवाज करते, म्हणजे ‘पुरे’. अशा बऱ्याच ढुश्या बसल्या की नाचणारी थांबते. यात एखाद्या जागेवर ठरावीक संख्येहून जास्त माश्या एकाच वेळी जमल्या, की ठरलं.

‘पुरे’ म्हणण्याच्या या ढुशीवरून मला वारीतली समाजआरती आठवते. मंगळवेढ्याहून पंढरपूर हाकेच्या अंतरावर, त्यामुळं हे लहानपणापासूनचं. ज्ञानेश्वर माउलींची पालखी संध्याकाळी तळावर आली की चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. तो थांबण्याचा क्षण वाजण्याहून मोठा वाटतो. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. चोपदार तिथं जातो, गाऱ्हाणं ऐकतो, निवाडा होतो, मग ते टाळ शांत होतात. आरती तोवर खोळंबते. म्हणजे आमच्यात दंडवाला आहे, म्होरक्या आहे, तरी एका दिंडीच्या टाळांपुढं त्याला थांबावं लागतं.

आमच्या मोहोळाचं काय झालं? सभेत ठराव झाला नाही. पावसाच्या तोंडावर एका सकाळी टाकीखाली रिकामं पांढरं पोळं लटकत होतं. माश्या आपापलं ठरवून गेल्या होत्या.

इतकं सगळं गोड लिहिल्यावर टोळांबद्दल लिहायलाच हवं, नाहीतर हा लेख खोटा होईल. २०२० च्या मे महिन्यात, सगळे घरात कोंडलेले असताना, टोळधाड मध्य प्रदेशातून विदर्भात उतरली. अमरावती, वर्धा, नागपूर. शेतकरी ताटं, डबे बडवत होते. तो आवाज टीव्हीवर ऐकताना मी पुन्हा माळ्यावर गेले, इतका तो ओळखीचा होता. वाळवंटातला हा टोळ एरवी एकलकोंडा असतो. दुसरा टोळ दिसला तर बाजूला होतो. पण पाऊस पडून गेला, पैदास वाढली, मग चारा आटला आणि उरलेल्या हिरव्या तुकड्यावर गर्दी झाली की मागच्या पायांना एकमेकांचे धक्के लागतात. त्या नुसत्या स्पर्शानं काही तासांत त्याचा स्वभाव पालटतो, पुढं पिढ्यांनी रंगही. इतका, की टोळांची अशी दोन रूपं म्हणजे दोन वेगळे किडे आहेत असंच लोक समजत होते, ते १९२१ मध्ये बोरिस उव्हारोव्ह यांनी एकच म्हणून दाखवेपर्यंत.

आणि बिनपंखी पिल्लांच्या त्या शिस्तबद्ध फौजा पुढंच का चालत राहतात? एक कारण प्रयोगातून पुढं आलं ते असं: मागचा चावतो. टोळ टोळाला खातो. थांबलात, वळलात, की मागच्याच्या तोंडी. २००८ मध्ये इयन कझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही टोळांच्या पोटाकडची संवेदना नेणारी नस कापून बघितली. मागून होणारा चावा त्यांना कळेना. ते चालायचे कमी झाले आणि जास्त खाल्ले गेले. वरून बघाल तर भोरड्यांच्या थव्यासारखीच एकदिलानं चाललेली रांग. आत प्रत्येकजण पुढच्याला खायला आणि मागच्यापासून पळायला बघतोय. लांबून दिसणाऱ्या एकीवर माझा तेव्हापासून एवढा विश्वास राहिलेला नाही, मिरवणुकीच्या बाबतीतही.

टोळांवरून वाचत गेले तेव्हा भोरडी पुन्हा समोर आली, जिथं तिची अपेक्षा नव्हती तिथं. ती आपल्याकडं पाहुणी. ऑगस्टपासून यायला लागते, एप्रिल-मेपर्यंत परत जाते मध्य आशियात, अंडी घालायला. तिथं पिल्लांना भरवायला तिला टोळ आणि नाकतोडे लागतात, रोज शेकड्यांनी. चीनच्या शिनजियांगमध्ये तर तिनं यावं म्हणून माळरानावर मुद्दाम दगडांचे ढीग रचून ठेवतात, घरट्यांसाठी. औषध फवारण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. आमच्याकडं दगड मिळत नव्हते म्हणून आम्ही मातीचे गोळे करून तिला मारत होतो, आणि तिकडं तिच्यासाठी दगड वाहून आणतात.

मागच्या जानेवारीत मंगळवेढ्याला गेले होते. तात्या आता नाहीत. माळाही नाही, मामेभावानं मोडून सरपणाला वापरला. ज्वारीवर चमकीच्या पट्ट्या ताणल्या आहेत, आणि बांधावर भोंगा. भोंग्यातून त्याचाच आवाज येतो, “हो... हो... हुर्यो!” मोबाइलवर एकदा ओरडून ठेवलंय, तेच दिवसभर फिरतं. मध्येच तो खोकतो, तेही आलंय. पाखरं पहिले दोन दिवस दचकली, मग सरावली. त्यातल्या त्यात खोकल्याला जरा उठतात, असं तो म्हणाला.

मी बांधावर बसले. या वेळी म्होरक्या शोधायचा नव्हता. एकच पाखरू धरायचं, कुठलंही, आणि नजर हलू द्यायची नाही, असं ठरवून आले होते. समोरच्या बाभळीवर थवा उतरलेला. त्यात एकीच्या शेपटीचं मधलं पीस गळालेलं दिसलं, चिमटीएवढी फट. हिला ओळखता येईल. भोंगा ओरडला, कुणी हललं नाही. मग खोकला आला आणि बाभूळ उठली. फटवाली उजवीकडं गेली, मी तिच्याबरोबर. पहिल्या वळणाला दिसत होती. दुसऱ्या वळणाला थवा तिरपा झाला, काळा होता तो उन्हात एकदम गुलाबी झाला, तरी ती दिसत होती, किंवा मला वाटलं. तिसऱ्या वळणाला मी दुसऱ्याच कुणाकडं तरी बघत होते.

“काय, सापडली का?” मामेभावानं विचारलं.

थवा ओढ्यापलीकडं जाऊन पुन्हा आमच्याच रानाकडं वळत होता. मी कोपऱ्यात टांगलेली जुनी गोफण मागितली. नुसतीच, हातात धरायला.